वाजलं पाहिजे

आम्हा यहुद्यांचं नवं वर्ष, रोश हाशाना, तोंडावर आलं होतं. रविवारची सकाळ, सिनेगॉगच्या मागच्या पडवीत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर डिंकाच्या बाटल्या, बोथट टोकाच्या कात्र्या, ओल्या फडक्याची वाटी आणि तीन ते सहा वर्षांची मुलं. कुणाच्या तरी परदेशातल्या आत्याने सणाच्या हस्तकलेचं तयार पाकीट धाडलं होतं. आत जाड पुठ्ठ्याचे कापून ठेवलेले शोफार, म्हणजे सणाला फुंकायची शिंगं, वर चिकटवायला सोनेरी चांदण्या, डाळिंबाची चित्रं, मधाच्या बरण्या. मुलांनी आनंदाने चिकटवाचिकटवी केली. चार वर्षांचा एक मुलगा सगळ्यांत मन लावून बसला होता. चांदणी चुकून वाकडी लागली की सोलून परत लावायचा. सगळं झाल्यावर त्याने तो शोफार दोन्ही हातांनी उचलला, पाय फाकवून, प्रार्थना चालवणाऱ्या हजानसारखा उभा राहिला, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकला. काहीच झालं नाही. त्याने उलटा करून बघितला, भोक शोधलं, दुसऱ्या टोकाने फुंकलं. मग माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हे वाजत नाही." रडला नाही, रुसला नाही. बिघडलेली वस्तू दुकानदाराला परत करावी तसा परत करून खेळायला निघून गेला.

या मुलाने खरा शोफार ऐकलेला आहे. नव्या वर्षाआधीच्या एलूल महिन्यात सलीहोतच्या, म्हणजे क्षमा मागण्याच्या, प्रार्थनेला त्याचे आजोबा त्याला भल्या पहाटे उठवून आणतात. अर्धवट झोपेत तो बाकावर कलंडलेला असतो आणि मग एडक्याचं ते शिंग वाजतं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना सांगायचं तर त्या आवाजात गोडवा अजिबात नाही. घसा फाडून कुणी तरी हाक मारत असल्यासारखा तो येतो. एक सलग तेकिया, मग तीन तुटक शेवारीम, मग हुंदक्यांसारखा तेरुआ. झोपलेलं पोर खडबडून उठून बसतं. ज्याने हे अंगावर काटा येईपर्यंत ऐकलंय, त्याच्या हातात पुठ्ठ्याचा शोफार आला, तर तो आधी फुंकूनच बघणार.

त्याचं बरोबरच होतं.

"हे वाजत नाही" हे त्याचं वाक्य नंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिलं. भाजी निवडताना, लोकलमध्ये, रात्री दिवे घालवताना. कारण आमच्या सणांकडे बघितलं तर जवळजवळ प्रत्येकाची एक वस्तू आहे आणि त्या प्रत्येक वस्तूला काम आहे. काही वाजायचं असतं, काही पेटायचं, काही झाकायचं, काही हुंगायचं, काहीत लपवायचं. नुसती भिंतीवर टांगून बघायची अशी वस्तू शोधावीच लागते. मग मुलांच्या हातून करून घेताना तेवढं कामच का वगळायचं?

पुरीमचं उदाहरण घ्या. आमची जुनी माणसं पुरीमला होळीचा सण म्हणायची, कारण तो होळीच्याच सुमाराला येतो. 2025 मध्ये तर 13 मार्चच्या संध्याकाळी बाहेर होळी पेटत होती आणि आत एस्तेरची मेगिला, म्हणजे एस्तेर राणीच्या गोष्टीची गुंडाळी, वाचली जात होती. मेगिलात हामान या दुष्ट दिवाणाचं नाव 54 वेळा येतं आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांनी गोंगाट करून ते नाव बुडवायचं असतं. त्यासाठी खुळखुळे लागतात. आम्ही पोफळीच्या विरीच्या वाट्या आणतो, लग्नाच्या पंगतीत हल्ली चटणी-कोशिंबिरीला ठेवतात त्या. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या, आत धान्य टाकायचं आणि कड कापडी पट्टीने चिकटवून टाकायची. कडेला एक आइस्क्रीमची काडी खुपसली की मूठ तयार. एवढंच. पण यातली सगळी गंमत आत काय टाकायचं यात आहे. सतरंजीवर मी मोहरी, मूग, चवळी, राजमा आणि चिंचोके वेगवेगळ्या ताटल्यांत मांडते. मोहरीचा आवाज वाळूवरून लाट ओसरावी तसा सर्र येतो. मूग बरा, पण भित्रा. चवळी वाटीच्या विरीवर टपटपते. चिंचोका मात्र राजा. एका वाटीत सात-आठ चिंचोके घातले की खण्ण असा कोरडा, कडक आवाज निघतो. मुलं एकेक दाणा टाकून, वाटी कानाशी नेऊन, हलवून बघतात. जास्त भरलं तर आवाज बसतो, हे मी कधी सांगत नाही. तीन वर्षांचं मूलसुद्धा दोन मिनिटांत शोधून काढतं आणि मूठभर परत काढून ठेवतं.

आणि मग संध्याकाळी खरी मजा. हिब्रूतलं लांबलचक वाचन. एरवी ही मुलं पाच मिनिटं एका जागी बसणार नाहीत. पण हातात स्वतःचा खुळखुळा असला की ती कान टवकारून बसतात, कारण हामान कधी येईल सांगता येत नाही. तोंड अर्धवट उघडं, खुळखुळा खांद्याशी धरलेला, नजर वाचणाऱ्याच्या ओठांवर. नाव आलं रे आलं की खडखडाट. नंतर लगेच शांत व्हायचं, कारण पुढचा शब्द ऐकू आला पाहिजे, मेगिलातला एकही शब्द चुकवायचा नसतो. गोंगाट करण्यासाठी दिलेल्या वस्तूने मुलांना ऐकायला शिकवलं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वाचन सोडून मुलांकडेच बघत बसले होते.

आमची मुलं थोडी. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं आमचं सिनेगॉग, शाआर हाशामायिम, 1879 सालचं. आमच्या पणज्यांच्या वेळी, म्हणतात, सणाला पाय ठेवायला जागा नसायची. 1948 नंतर एकेक घर इस्राएलला निघालं. माझ्या वर्गातल्या, नात्यातल्या, शेजारच्या कितीतरी मुली गेल्या. उरलेल्यांची पोरं एका सतरंजीवर मावतात. त्यात शेजारच्या इमारतीतली दोन-तीन मुलंही असतात, त्यांना डिंकाचा वास आला की ती येतातच, आणि मी त्यांना कधी परत पाठवलेलं नाही. रविवार अशासाठी की शनिवारी शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी कापणं, चिकटवणं, शिवणं, रंगवणं, लिहिणं, गाठ मारणं, सगळं बंद. मुलं विचारतात, का? मी त्यांना मिश्कानची गोष्ट सांगते. वाळवंटातून चाललेल्या इस्राएली लोकांनी देवासाठी एक तंबू उभारला. त्यासाठी लोकर रंगवली, सूत कातलं, पडदे विणले, कातडी कमावली, लाकडं कापली. तो मंडप उभारायला जी कामं लागली, त्यांवरूनच आमच्या गुरूंनी शब्बाथला वर्ज्य अशी 39 कामं ठरवली. म्हणजे आम्ही रविवारी सतरंजीवर जे करतो, जवळजवळ तीच यादी. सहा दिवस हातांनी जे करायचं तेच सातव्या दिवशी थांबवायचं. मुलांना हे फार सरळ वाटतं. "म्हणजे शब्बाथला हातांची सुट्टी," एक मुलगी म्हणाली. मला इतकं सोपं सांगता आलं नसतं.

त्या मंडपाचा मुख्य कारागीर बेझालेल. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, त्याचं नाव घेऊन देव सांगतो की याला मी शहाणपण आणि हातांचं कसब दिलंय. जेरुसलेममध्ये 1906 साली कलाशाळा निघाली तिला त्याचंच नाव दिलं. पण मला सगळ्यांत आवडते ती तल्मूदमधली, म्हणजे जुन्या गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातली गोष्ट. तिथे गुरूंनी वंशावळीचा हिशेब मांडून काढलंय की मिश्कान बांधला तेव्हा बेझालेल 13 वर्षांचा होता. एवढं मोठं काम आणि करणारा नुकताच मिसरूड फुटू लागलेला पोरगा! त्याच तल्मूदमध्ये आणखी एक सांगणं आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यावरच्या गीतात, "हा माझा देव, मी त्याला शोभा आणीन" अशा अर्थाची ओळ आहे. माणूस देवाला शोभा कशी आणणार, असा प्रश्न गुरूंना पडला. उत्तर असं की त्याच्यापुढे सुंदर सुक्का म्हणजे सणाचा मांडव बांध, सुंदर लुलाव म्हणजे सणात हाती धरायची खजुराची झावळी घे, सुंदर शोफार, वस्त्राला सुंदर झालर. बघा, यात एकही वस्तू नुसती शोभेची नाही. आधी ती कामाची आहे, मग सुंदर. बसता येईल असा मांडव, वाजेल असं शिंग. लहानपणी हे ऐकलं होतं, पण अर्थ उमगला तो या पोराच्या तक्रारीनंतर.

मी बालवाडीत काम करत होते तेव्हा आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी शिकवायचे. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तेव्हा तो भाग आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. महागडी परदेशी साधनं परवडणार नव्हती म्हणून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं, माती हेच शैक्षणिक साहित्य केलं. गरज म्हणून केलं खरं, पण त्यात मुलांना काय मिळतं ते मी स्वतः पाहिलंय. पाकिटातला कापीव पुठ्ठा सगळ्यांच्या हातात सारखाच येतो आणि सारखाच जातो. चिंचोका सारखा येत नाही.

आमचं मूळ गाव अलिबागकडचं. माझ्या आजीच्या अंगणात सुक्का उभारायचे. सुक्कोत म्हणजे मांडवांचा सण, सात दिवस छपराखाली न जेवता पाल्यापाचोळ्याच्या मांडवात जेवायचं. छपराला नारळाच्या झावळ्या. नियम असा की छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापलेल्या पाल्याचंच हवं, सावली उन्हाहून जास्त पडली पाहिजे, आणि तरी रात्री वर बघितलं की चांदण्या दिसल्या पाहिजेत. आजोबा झावळी टाकायचे, खाली उताणे पडून बघायचे, परत उठून सारखी करायचे. आम्हा मुलांचं काम आतून सजवण्याचं. दोऱ्यात ओवलेल्या सुपाऱ्या, कण्हेरीची फुलं, सिताफळं, आणि एखादी काकडी. सात दिवस ती फळं तोडायची नाहीत, कारण ती सुक्क्याच्या नावाने टांगलेली. पिकत चाललेल्या सिताफळाखाली बसून वरणभात जेवायचा, आणि त्याचे डोळे उघडताना बघायचे! आजही सिताफळाचा वास आला की मला सुक्का आठवतो.

आता ठाण्यात सिताफळं विकत आणून टांगतो, पण खरी सजावट कागदाच्या साखळ्यांची. जुन्या लग्नपत्रिका मी वर्षभर जमवते. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडा असलेल्या. त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, एकीची कडी करायची, दुसरी तिच्यातून ओवायची. तीन वर्षांच्या मुलाला सगळ्यांत अवघड काय जातं सांगू? दाबून धरणं. डिंक ओला असतो, सोडलं की कडी उघडते. त्याला आकडे येत नसतात. म्हणून आम्ही दाबून धरताना शब्बाथचं एक कडवं म्हणतो, कडवं संपलं की बोटं सोडायची. मग बघा, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरलेला, ओठ गाण्याबरोबर हलतायत, आणि शेवटच्या शब्दाला बोटं इतकी सावकाश उघडतात, इतकी सावकाश, की माझा श्वास अडकतो. कडी टिकली की तो इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं का.

सुक्कोत पौर्णिमेला लागतो. 2025 साली तो 6 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागला, आणि त्याच रात्री कोजागिरी. आदल्या पंधरवड्याचंही तसंच, 22 सप्टेंबरला सकाळी घटस्थापना आणि संध्याकाळी आमचं नवं वर्ष. टेंभी नाक्यावर देवीचा मंडप, रोषणाई, ढोल, आणि त्या गर्दीतून वाट काढत आम्ही सफरचंद-मधाची ताटं घेऊन सिनेगॉगला. चंद्रावर चालणारी दोन्ही पंचांगं, त्यामुळे असं वारंवार होतं. दुकानदारालाही सवय आहे. घोटीव कागद, पताकांचा कागद, जिलेटीन कागद मागितला की तो म्हणतो, "कंदिलाला अजून वेळ आहे, तुमच्या मांडवाचा ना?" परतीचा पाऊस मात्र कुणाचं ऐकत नाही. झावळ्यांतून गळतं, पताकांचा लाल रंग पिवळ्यावर उतरतो. मोठ्यांना वाईट वाटतं. मुलं खाली हात धरून रंगीत थेंब झेलतात.

तर 5 ऑक्टोबरच्या रविवारी, म्हणजे सुक्का बांधायच्या दिवशी, झावळ्या घेऊन रेवदंड्याकडचे एक काका आले. सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, धोतर. झावळ्या उतरवून झाल्यावर चहा येईपर्यंत ते पायरीवर टेकले आणि सहज चाळा म्हणून झावळीची एक पात ओढून त्यांनी हिरापासून सोलली. आमच्या त्या शोफारवाल्या पोराने बघितलं आणि तो त्यांच्या गुडघ्याशी जाऊन उभा राहिला. काकांनी पातीचं टोक नखाने दुमडलं, त्याभोवती पात तिरकी गुंडाळायला घेतली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. बघता बघता निमुळतं टोक आणि खाली पसरत गेलेलं तोंड. सुटू नये म्हणून रुंद तोंडाशी हिराचा तुकडा खोचला, निमुळत्या टोकात पातीचीच छोटी चपटी जीभ बसवली. पिपाणी! कोकणातल्या प्रत्येक पोराने ती वाजवलेली असते, माझ्या लहानपणी तर आम्ही मोठ्यांच्या दुपारच्या झोपा उडवायचो. काकांनी वाजवली नाही, सरळ पोराच्या हातात दिली. त्याने गाल फुगवले. पहिल्यांदा नुसती हवा. काका म्हणाले, "ओठ ओले कर रे." दुसऱ्यांदा फुंकल्यावर असा काही कर्कश पोंऽऽ निघाला की कोपऱ्यातली कबुतरं उडाली.

मग झावळ्या छपरावर चढायला बराच उशीर झाला. सगळ्यांनाच पिपाणी हवी होती. काकांनी करून देण्याऐवजी पाती वाटल्या. लहानांची गुंडाळी सुटायची, पहिले दोन-तीन वेढे काका आपल्या बोटांनी धरून ठेवायचे आणि पुढचं मूल करायचं. एकाची नळकांड्यासारखी सरळ झाली, एकाची तिरळी. आवाज प्रत्येकाचा वेगळा. त्या पोराने मात्र आपली पिपाणी घेऊन पायरीवर उभं राहून तेकिया वाजवली, लांब, मग तीन तुकडे, मग थरथरत बारीक बारीक. कुणी सांगितलं नव्हतं. हजान दारात उभे होते, त्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं, प्रार्थनेत पुकारतात तसं: "तेकिया!" पोराने वाजवलं. "शेवारीम!" वाजवलं. धर्मशास्त्राने पातीची पिपाणी म्हणजे शोफार नव्हे, हे हजानना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी त्यांनी पुकारलं. पात संध्याकाळपर्यंत सुकते, चिरते, आवाज जातो. दुसऱ्या दिवशी नवी करायला पात हवी. पोराच्या आईला मी नंतर विचारलं तर म्हणाली, घरी आता सोसायटीतल्या माळ्याच्या मागे लागलाय.

सुक्कोत संपला की महाळुंगाचं काय करायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. एत्रोग म्हणतात ते फळ म्हणजे आपलं महाळुंगच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. सणात त्याला फुलासारखं जपायचं, त्याच्यावर डागही चालत नाही, आणि आठवड्याने ते एकदम रिकामटेकडं होतं. आम्ही त्यात लवंगा टोचतो. शब्बाथ शनिवारी रात्री संपतो तेव्हा हव्दालाचा विधी असतो, वळलेली मेणबत्ती, मनुकांचं सरबत आणि हुंगायला काही सुगंधी. माझ्या माहेरी त्यासाठी सब्ज्याची पानं असायची. लवंगा टोचलेलं महाळुंग हे जगभरच्या यहुदी घरांत चालतं आणि मुलांच्या हाताला तर फारच छान. साल जाड, खडबडीत. आधी मी दाभणाने भोक पाडते, मग मुलाने लवंग उभी धरून अंगठ्याने दाबायची. जोर जास्त झाला तर लवंगेचं डोकं तुटतं, कमी झाला तर आत जात नाही. प्रत्येक लवंग आत जाताना सालीतून तेलाचा बारीक फवारा उडतो, डोळे चुरचुरतात, आणि अख्ख्या पडवीत लिंबू आणि लवंग यांचा असा वास भरतो की रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावतात. कुणी ओळीत टोचतं, कुणी आपल्या नावाचं अक्षर काढायला जातं आणि निम्म्यात कंटाळतं. महाळुंग महागाचं, सगळ्यांना पुरत नाही, म्हणून उरलेल्यांना संत्री. संत्र्याला बुरशी लवकर धरते. लवंगा दाट बसल्या तर महाळुंग मात्र आकसत आकसत लाकडासारखं कडक होतं आणि महिनोन् महिने वास देतं. शनिवारी रात्री घराघरांत ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरतं, आजोबा हुंगतात, आई हुंगते, आणि ज्याने टोचलं ते मूल प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत असतं.

हनुका, म्हणजे दिव्यांचा सण, आमच्या जुन्या सणांच्या यादीत नव्हताच. कोचीनच्या यहुद्यांशी संबंध आला, हिब्रू शिक्षण आलं, त्यानंतर तो आमच्याकडे रुजला. त्यामुळे त्याच्या वस्तूंना आजीची आठवण चिकटलेली नाही. शाडूच्या मातीचे नऊ गोळे एका फळीवर बसवायचे, मेणबत्तीने नव्हे तर बोटानेच खळगा पाडायचा. आठ एका उंचीचे, नववा शमाश उंच, त्याने बाकीचे पेटवायचे. रोज एक वाढत आठ दिवसांत 44 मेणबत्त्या लागतात. कागद, चमकी, कापूस असलं काही त्या फळीवर मी लावू देत नाही. ते खरंच पेटणार असतं.

याच दिवसांत अश्दोदहून माझ्या भाचीचा व्हिडिओ कॉल येतो. तिची मुलं तिथल्या बालवाडीत जातात. तिथे सणाआधी कितीतरी दिवस हेच चालतं, भिंती भरलेल्या, गाणी, भोवरे, मुकुट, आणि शुक्रवारी घरी येताना पिशवीभर हस्तकला. रस्त्यावर, दुकानात, सगळीकडे तोच सण. भाची म्हणते, "मावशी, आम्हाला काही करावंच लागत नाही, आपोआप होतं." मला तिचं कौतुकही वाटतं आणि पोटात कुठे तरी तुटतंही. इथे आपोआप काहीच होत नाही. एखाद्या रविवारी मी आजारी पडले तर त्या सणाचा खुळखुळा होत नाही. पण तिच्या पोरांनी पडद्यावर पिपाणी बघितली आणि ती हटून बसली, आम्हालाही हवी. तिथे नारळ कुठून आणणार? भाची मग खजुराच्या झाडाची पात घेऊन खटपट करत होती. जमली का, ते अजून कळवलं नाही.

कधी कधी आया विचारतात, घरी कपाटात ठेवायला काही तरी छानसं द्या ना. त्यांचं मला कळतं. दोन खोल्यांच्या घरात काचेच्या कपाटातला एक खण हाच काय तो दिमाख, तिथे पोराच्या हातचं काही असावं असं कोणाला वाटणार नाही? म्हणून पेसाहला, म्हणजे बिनखमिराच्या रोटीच्या सणाला, मी एक गोष्ट करते, जी कपाटात ठेवता येते. 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादात, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, एक चित्र आहे. हिब्रूच्या जोडीला मराठी अर्थ असलेलं ते पुस्तक, आणि चित्रात आमच्या बायका, साड्या नेसून, जमिनीवर बसून मात्झा, म्हणजे त्या बिनखमिराच्या रोट्या, करतायत, कुणी मळतंय, कुणी लाटतंय, कुणी भाजतंय. त्याच्या प्रती काढून मी मुलांना रंगवायला देते. ती साड्यांना हिरवा, जांभळा, पोपटी, हवे ते रंग देतात. "ही आमची आजी," असं बोट ठेवून सांगतात, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईला नाकात नथ काढून देतात. ते चित्र आया कपाटात लावतात.

पण त्याबरोबर एक पिशवीही होते. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधीच्या जेवणाच्या, रात्री मधली मात्झा मोडून तिचा मोठा अर्धा तुकडा लपवायचा असतो, अफिकोमान. शेवटी मुलांनी तो शोधून आणल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. त्या तुकड्याची पिशवी. जुन्या सुती साडीचा चौकोन दुमडायचा आणि दोन बाजू धावदोऱ्याने शिवायच्या. बोथट सुई, जाड दोरा, मी खडूने ठिपके मारून देते, सुई एका ठिपक्यातून खाली, दुसऱ्यातून वर. पाच वर्षांची एक मुलगी इतकी रंगली की तिसरी बाजूही शिवून टाकली आणि मग मात्झा कुठून घालायची म्हणून स्वतःच उसवत बसली.

गेल्या पेसाहनंतर तिची आई भेटली. म्हणाली, पोरांनी पिशवी ओढाओढीत फाडली, सोफाभर मात्झाचा चुरा झाला, पाहुणे हसले. टाकून द्यायची का? मुलगी मागे उभी होती, पिशवी छातीशी धरलेली. शिवण अर्धी उसवली होती, कापडावर सरबताचा डाग. मी सतरंजीवर जागा करून दिली आणि दोऱ्याचं रीळ पुढे सरकवलं. तिने सुई ओवायला माझ्याकडे दिली, मग विचार करून परत मागून घेतली आणि म्हणाली, "मावशी, या वेळी दोरा दुहेरी घालू या."